अस्सल बरहुकूम

मनमाडची जुनी नोंद शोधायला निघालेल्या माणसाने आधी चांदवडचा विचार करायला हवा. आज मनमाड नांदगाव तालुक्यात आहे, त्यामुळे जमिनीचा कागद हवा असला की माणूस नांदगावची वाट धरतो. पण १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळी मनमाड चांदवड तालुक्यात होते आणि सुमारे सात हजार वस्तीमुळे खुद्द चांदवडपेक्षाही मोठे होते. तेव्हा पणजोबांच्या नावाचा कागद नांदगावच्या कपाटात नसला म्हणजे तो नाहीच असे होत नाही. तो लिहिला गेला त्या वर्षी मनमाडचा कारभार नांदगावकडे नव्हता, एवढेच त्याचे कारण असू शकते. आणखी मागे गेले तर नाशिक जिल्हाच नव्हता. तो १८६९ साली झाला. चांदवड, येवला, निफाड हे तालुके त्यात अहमदनगरच्या बाजूने आले, तर मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशच्या बाजूने, आणि खानदेशचे मुख्य ठाणे होते धुळे. त्याच्याही आधी, १८१८ च्या मंदसोरच्या तहापर्यंत, चांदवडवर होळकरांचा अंमल होता. पूर्वेकडे वैजापूर-कन्नडची हद्द लागली की निजामाचे राज्य सुरू होई आणि कागदाची लिपीच बदले. या सगळ्याच्या मधोमध रेल्वे होती, आणि तिचे दफ्तर यांपैकी कोणत्याच कचेरीत ठेवले जात नव्हते.

सरकारी कागदांबद्दल आपण बोलतो तेव्हा 'मिळणे' आणि 'सापडणे' ही दोन क्रियापदे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कागद मिळत नाही म्हणजे कोणीतरी देत नाही. कागद सापडत नाही म्हणजे तो कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नाही. पहिल्या अडचणीवर कायदा, अपील, आंदोलन असे उपाय आहेत. दुसऱ्या अडचणीवर यांतला एकही उपाय चालत नाही, तिथे सूची लागते. गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात कागद मागण्याचा हक्क पायरीपायरीने वाढत गेला. शोधण्याची सोय मात्र त्या मानाने जागच्या जागी राहिली. या लेखाचे म्हणणे एवढेच, की दुसऱ्या गोष्टीवाचून पहिली अर्धीच राहते, आणि ही उणीव मनमाडसारख्या हद्दीवरच्या, जंक्शनच्या गावात जितकी स्पष्ट दिसते तितकी जिल्ह्याच्या ठिकाणी दिसत नाही.

मराठेशाहीत गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. हिशेबाचे आणि हक्कांचे कागद मोडीत लिहायचे, कापडी रुमालात बांधायचे, गाठ मारायची, आणि वतनाबरोबर तो रुमाल मुलाकडे जायचा. वंशपरंपरेच्या वतनाचा हा अपरिहार्य परिणाम होता. काम सरकारचे असले तरी कागद घरचाच वाटे. सरकारच्या कागदांवर रयतेचा हक्क आहे ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. पण म्हणून कागद बंदिस्तच होता असेही नाही. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गावकऱ्यांची आणि वतनदारांची गोतसभा बसे, दोन्ही पक्ष आपापल्या सनदा पुढे ठेवत, साक्षीसह्यांचा महजर होई, निवाडपत्र लिहिले जाई आणि अस्सल कागदाची तालीक करून दिली जाई. तालीक म्हणजे नक्कल. हा शब्द आज दफ्तरातून गेला असला, तरी अस्सल एकीकडे ठेवून तिच्या बरोबरीची प्रत पक्षकाराच्या हाती द्यायची ही रीत जुनीच आहे. तेव्हा तालीक कोणाला मिळे, तर ज्याचा त्या तंट्यात हक्क गुंतला होता त्याला. ज्याला वतनच नव्हते त्याच्यापुरता दफ्तराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिवेचा साक्षीदार म्हणून महाराचा शब्द गावाला लागे, पण ती शीव ज्या कागदावर उतरली तो कागद सहसा महाराच्या हाती येत नसे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुलकर्ण्यांच्या लेखणीवर जो राग काढला आहे, त्याचे मूळ या मक्तेदारीत आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचे हजारो रुमाल कंपनीच्या ताब्यात गेले. नव्या सरकारला ते हवे होते ते इतिहासासाठी नव्हे, महसुलासाठी. कोण किती इनाम खातो आणि कशाच्या आधारावर, हे ठरवायचे तर जुना कागद हाच पुरावा होता. इनाम कमिशनचे काम १८५२ च्या अकराव्या कायद्याने रीतसर उभे राहिले, तेव्हा याच दफ्तराची छाननी करून इनामदारांच्या सनदा तपासल्या गेल्या आणि पुरावा अपुरा ठरला त्यांची इनामे गेली. या प्रकरणाने दक्खनेत जी नाराजी पसरली तिच्या तळाशी एक साधा अन्याय होता. कागद दोन्हीकडे होता, पण पाहण्याचा अधिकार एकाच बाजूला. सरकार आपल्या दफ्तरातून इनामदाराविरुद्ध नोंद काढू शके. आपल्या बाजूची नोंद त्याच दफ्तरातून शोधून काढणे इनामदाराच्या हातात नव्हते. पुढे इतिहास संशोधकांच्याही वाट्याला हेच आले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईत सापडलेल्या कागदांवर. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत छापून निघायला १९३० ते १९३४ हा काळ उजाडावा लागला. राज्य बुडाल्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

सामान्य शेतकऱ्याला सरकारी कागदाशी बांधून टाकले ते मोजणीने. १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या जमाबंदीच्या बंदोबस्ताने प्रत्येक शेताला नंबर दिला आणि त्या नंबराभोवती कागदांचे एक घराणेच जन्माला घातले. टिपण, गुणाकार बुक, आकारबंद, पुढे कमी-जास्त पत्रक, म्हणजे आजही भूमी अभिलेख कार्यालयात ज्याला कजाप म्हणतात ते. पण हे कागद सांगत ते जमिनीचा आकार आणि सारा. जमिनीत कोणाचा कोणता हक्क आहे, हे त्यांतून कळत नसे. त्या उणिवेची किंमत १८७५ मध्ये कळली. भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावापासून पुणे-नगर भागात पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. जाळायला नेमके कागदच निवडले, कारण आपल्याच अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे पाहण्याची दुसरी सोय त्यांना नव्हती. १८७९ च्या दक्खन शेतकरी कायद्याने रोखे नोंदवायला गावपातळीवरचे निबंधक नेमले आणि कुळाला हिशेब देण्याचे बंधन सावकारावर घातले. त्यानंतर १९०३ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने हक्कनोंद आली आणि १९१३ साली ती जमीन महसूल कायद्यातच घातली गेली. गाव नमुना सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खाते. महसुली हिशेबांसाठीच्या अँडरसनच्या मॅन्युअलने या नमुन्यांना शिस्त लावली आणि सातबारा हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी नावासारखा बसला.

नकलेच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला तो याच काळात. १८७२ च्या पुरावा कायद्याने सार्वजनिक दस्तऐवज म्हणजे काय ते सांगितले आणि ज्या अंमलदाराच्या ताब्यात असा दस्तऐवज असेल, त्याने मागणाऱ्याला ठरलेली फी घेऊन प्रमाणित नक्कल दिली पाहिजे असे ७६ व्या कलमात लिहिले. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. तलाठ्याच्या किंवा तहसिलीच्या नकलेखालचा शिक्का जवळून पाहावा. 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' हे शब्द त्यावर असतात. अस्सल अरबीतून आलेला, बरहुकूम फारसीतून, खरी मराठी आणि नक्कल पुन्हा अरबी. चार शब्दांत तीन भाषांची कचेरी बसली आहे. अर्थ एवढाच, की ही प्रत मूळ कागदाशी तंतोतंत जुळते आणि तसे सांगणारा माणूस जबाबदार आहे. पण ७६ व्या कलमात एक पाचर होती. जो दस्तऐवज पाहण्याचा अधिकार मागणाऱ्याला आहे, त्याचीच नक्कल. तो अधिकार कोणाला, हे त्या कलमाने सांगितले नाही. त्यामुळे खिडकीवरच्या कारकुनाचा पहिला प्रश्न ठरून गेला, 'तुमचा संबंध काय?' पेशवाईतल्या तालिकेची अटही हीच होती. कागद पक्षकाराचा, बघ्याचा नाही.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच काढून घ्यावा, असे जगात फार थोड्यांना लवकर सुचले. स्वीडनने १७६६ साली सरकारी कागद लोकांना खुले करण्याचा कायदा केला. अमेरिकेत केंद्राचा कायदा १९६६ चा, पण तिथल्या घटक राज्यांचे स्वतःचे वेगळे कायदे आहेत आणि फ्लोरिडासारख्या राज्यात ही परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. आपल्याकडे ब्रिटिशांचा १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. त्याची पकड सैल केली ती लोकांच्या दबावाने. राजस्थानात मजुरांनी हजेरीपटाच्या नकला मागितल्या, महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी उपोषणे केली. २००० साली राज्याने केलेला पहिला कायदा इतका लेचापेचा होता की तो बाजूला सारून २००२ मध्ये नवा अध्यादेश काढावा लागला. देशाचा माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. राज्याच्या कचेरीत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पानामागे दोन रुपये भरा, तीस दिवस थांबा. आणि सहाव्या कलमातले ते वाक्य, की अर्जदाराला कारण विचारता येणार नाही. 'तुमचा संबंध काय' हा प्रश्न कायद्याने गिळून टाकला. दोनशे वर्षांच्या या वाटचालीतले हे सर्वांत मोठे पाऊल होते, यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर. प्रश्न गेला आणि त्याच्या जागी एक उत्तर येऊन बसले. 'शोध घेतला असता सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.' या वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात आणि तिन्ही वेळा शब्द तेच असतात. पहिला अर्थ, कागद नियमाप्रमाणे नष्ट झाला. महसुली दफ्तरात अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे तीस वर्षे, क वर्गाचे त्याहून कमी आणि ड वर्गाचे एक वर्ष, अशी वर्गवारी आहे. मुदत संपलेला कागद नसणे हा गुन्हा नाही, उलट तसा नियमच आहे. दुसरा अर्थ, कागद आहे, पण दुसऱ्या कचेरीत. तिसरा अर्थ, कागद याच खोलीत आहे, फक्त कोणत्या गठ्ठ्यात ते कोणाला माहीत नाही. अर्जदाराला या तिहींतला फरक कळला पाहिजे, कारण पहिल्यात त्याने थांबायचे असते, दुसऱ्यात वाट बदलायची असते आणि तिसऱ्यात अपील करायचे असते. एकच साचेबंद वाक्य तिन्हीकडे वापरले गेले की हक्काचे काय होते ते सांगायला नको.

मनमाडमध्ये दुसरा अर्थ फार मोठा आहे. जमिनीचा फेरफार हवा तर आज नांदगाव, पण नोंद जुनी असेल तर चांदवड किंवा नाशिक. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका भूमी अभिलेखाकडे, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, जन्माची नोंद नगरपालिकेकडे, आणि त्याहून जुनी असेल तर गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. हे झाले राज्याचे. मनमाडला गाव म्हणून मोठे केले ते रेल्वेने. जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मूळ रस्ता, १८७८ चा धोंड-मनमाड फाटा, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आलेला हैदराबादचा मीटरगेज, १९०६ पासूनची पुलांचे गर्डर बनवणारी वर्कशॉप. या कामांवर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्या नोकरीची कागदपत्रे महसुली दफ्तरात कधी नव्हतीच. जीआयपीचा कारभार १९२५ मध्ये सरकारने घेतला, १९५१ मध्ये ती आणि निजाम स्टेट रेल्वे इत्यादी मिळून मध्य रेल्वे झाली, १९६६ मध्ये हैदराबादकडचा रस्ता दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला. म्हणजे एकाच स्टेशनावर काम केलेल्या दोन गँगमनचे कागद दोन झोनमध्ये असू शकतात. फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद याच मनमाडात भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे तिथे सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमन होऊन तिथेच का अडकतो, हा त्या भाषणातला एक प्रश्न होता. त्याचे आकड्यांतले उत्तर आज कोणाला शोधायचे झाले, तर ते नोकरीच्या रजिस्टरांत मिळेल, आणि ती रजिस्टरे कोणाकडे गेली हे आधी ठरवावे लागेल. रेल्वे केंद्राची, आणि केंद्राकडे अर्ज करायचा तर कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डरसारखा दुसरा मार्ग लागतो. राज्याच्या नियमांत तर २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत, असे बंधन आहे. कागद कुठे आहे हे माहीत असलेल्याला दीडशे शब्द पुष्कळ झाले. ज्याला ते माहीत नाही त्याला प्रत्येक अंदाजासाठी वेगळा अर्ज लिहावा लागतो.

कायद्याने ही अडचण ओळखली नव्हती असे म्हणता येणार नाही. सहाव्या कलमाच्याच तिसऱ्या पोटकलमात लिहिले आहे, की अर्ज चुकीच्या कचेरीत आला तर तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवावा. चौथे कलम तर आणखी पुढे जाते. प्रत्येक कार्यालयाने आपल्या अभिलेखांची वर्गवारी करून सूची तयार ठेवावी, हे बंधन त्याच्या अगदी पहिल्या वाक्यात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात मागणे आणि शोधणे ही जोडी होती. आपण मात्र सहावे कलम तोंडपाठ केले आणि चौथे विसरलो. अर्ज तुंबले की बातमी होते, सूची नसल्याची होत नाही. शिवाय योग्य कचेरीकडे अर्ज पाठवायचा तर ती कोणती हे पाठवणाऱ्याला ठाऊक हवे. १९०१ साली मनमाड चांदवडमध्ये होते, ही गोष्ट नांदगावच्या टेबलावर कुठेतरी लिहिलेली असल्याखेरीज पाच दिवसांची मुदत काय कामाची?

सूचीअभावी किती कागद दडून राहतात, याचा पुरावा अलीकडे खुद्द शासनानेच दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली ती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी. पुढे तिचे काम राज्यभर वाढले. आरक्षणाचा वाद इथे बाजूला ठेवू. अभिलेखांच्या दृष्टीने जे घडले ते विलक्षण होते, कारण शासन स्वतःच अर्जदार झाले. तहसिली, भूमी अभिलेख, शाळा, कारागृह, पोलीस पाटलांचे दप्तर अशी कपाटे उघडली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला, मराठवाड्यासाठी उर्दू-फारसी जाणणारे बसवले, आणि जुने कागद पाहायला हैदराबाद गाठावे लागले. लक्षावधी नोंदी निघाल्या. या नोंदी आदल्या दिवशीही तिथेच होत्या. एखाद्या शेतकऱ्याने त्यांतली आपली नोंद मागितली असती, तर मोडी वाचू न शकणाऱ्या कारकुनाने प्रामाणिकपणेच लिहिले असते की आढळून येत नाही. कागद नाकारला गेला नव्हता, तो गहाळही झाला नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट फक्त तुटली होती, आणि ती जोडायला सत्तेने मनावर घ्यावे लागले. निजामी हद्दीला लागून असलेल्या नांदगाव-येवल्याच्या कुटुंबांना याचा अर्थ जास्त कळेल. त्यांच्या सोयरिकी हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत. एकाच घराण्याची एक शाखा मोडीत नोंदली गेली आणि दुसरी उर्दूत.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की संगणकाने हा प्रश्न सोडवलाच आहे. महाभूलेखावर सातबारा घरबसल्या दिसतो, डिजिटल सहीचा उतारा छापून घेता येतो, अनेक जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन संकेतस्थळावर आले आहेत. हे सगळे खरे आहे आणि याने तलाठ्याच्या मागे हिंडण्याचे हजारो दिवस वाचले आहेत. पण संकेतस्थळ उघडल्यावर पहिली आज्ञा येते ती जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा अशी. ही यादी आजची आहे. ज्या वर्षी कागद लिहिला त्या वर्षीचा तालुका निवडायची सोय त्यात नसते. स्कॅन म्हणजे कागदाचे छायाचित्र. मोडीतले पान स्कॅन केले म्हणून ते बाळबोध होत नाही आणि त्यातले नाव टंकून शोधता येत नाही. गठ्ठ्याची सूची नसेल तर स्कॅनने गठ्ठा नुसता कपाटातून पडद्यावर जातो. सूची करणे हे यंत्राच्या आधीचे, माणसाच्या डोळ्यांचे आणि लिपी जाणणाऱ्याच्या बुद्धीचे काम आहे. यंत्र ते जलद करील, पण ज्याला काम दिलेच नाही त्याचा वेग मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सूची करून सगळे खुले केले, तर जातीच्या, जन्माच्या, मालमत्तेच्या नोंदी कोणाच्याही हाती पडतील. सावकार, दलाल, भांडखोर भाऊबंद यांना रानच मोकळे मिळेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने माहितीच्या अधिकारातले व्यक्तिगत माहितीचे कलम अधिक घट्ट केले, त्यामागे हीच भीती आहे. ती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय आपल्या जुन्या कायद्यांनी फार समजूतदारपणे शोधून ठेवला होता. १९०८ च्या नोंदणी कायद्यात खरेदीखतांची सूची, म्हणजे आजही लोक जिला इंडेक्स टू म्हणतात ती, कोणीही पाहू शकतो, पण जिवंत माणसाचे मृत्युपत्र पाहू शकत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार कोणीही शोध घेऊन उतारा मागू शकतो, मात्र मृत्यूचे कारण त्या उताऱ्यात येत नाही. म्हणजे नोंद कुठे आहे हे सर्वांना कळते आणि तिच्यातला नाजूक भाग तेवढा झाकला जातो. सूची आणि मजकूर यांत हा भेद पाळला, तर खासगीपणा आणि शोधसुलभता एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. कागद अंधारात ठेवल्याने दलालाचे काहीच अडत नाही. कोणता गठ्ठा कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते आणि त्याचा धंदा त्या माहितीवरच चालतो. अडतो तो साधा माणूस.

तिसरा आक्षेप कचेरीतून येतो. माणसे कमी, काम जास्त, सूची करायची कोणी? याचे उत्तर मनमाडहून फार लांब नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. वर्षानुवर्षे साचलेले दफ्तर त्यांनी निवडायला लावले, मुदत संपलेले कागद नियमाने नष्ट केले, उरलेल्यांचे वर्गवार गठ्ठे बांधून घेतले आणि चालू कागदांसाठी टेबलावर सहा गठ्ठ्यांची शिस्त लावली. ती पद्धत लखिना पॅटर्न म्हणून सरकारी कचेऱ्यांत नावाजली गेली. यासाठी नवा कायदा लागला नाही. मनुष्यबळ होते तेच होते. निवडलेले दफ्तर कारकुनाचा वेळ खात नाही, वाचवते, कारण शोधायला लागणारा दिवस मिनिटांवर येतो. दफ्तर जपणे ऐच्छिकही उरलेले नाही. महाराष्ट्राने २००५ साली स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला आहे. खरा अडथळा असा, की सूचीचे काम दिसत नाही आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही.

हद्दी बदलत राहतात आणि कागद मागे राहतो, हे दुःख आपल्याच वाट्याला आलेले नाही. अमेरिकेत जुन्या नोंदी काउंटीच्या न्यायालयांत असतात आणि तिथले वंशावळ शोधणारे लोक आधी एकच गोष्ट पाहतात, की ही काउंटी कोणत्या साली कोणत्या काउंटीतून फुटली. १८६३ मध्ये व्हर्जिनियातून पश्चिम व्हर्जिनिया वेगळा झाला, तेव्हा माणसे जागच्या जागी राहिली आणि त्यांचे राज्य बदलले. अशा हद्दबदलांच्या तारखांची कोष्टके तिथे ग्रंथालयांत सहज मिळतात. त्यांचा कायदा आपल्यापेक्षा उदार आहे की कंजूष, हा वेगळा वाद. कायद्याच्या आधी कोष्टक लागते, ही समज मात्र घेण्यासारखी आहे. मनमाडपुरते बोलायचे तर असे कोष्टक एका पानात मावेल. डावीकडे वर्ष, मध्ये त्या वर्षीचा तालुका, जिल्हा आणि राज्य, उजवीकडे त्या काळचे दफ्तर आज कोणत्या कचेरीत आणि कोणत्या लिपीत आहे ते. नांदगावच्या नक्कल खिडकीशेजारी ते पान लावले, तर आढळून येत नाही असे लिहिणाऱ्या कारकुनाला पुढे 'चांदवडला पाहावे' हे दोन शब्द जोडता येतील. तिथून निघालेल्या नकलेवर शेवटी बसेल तो शिक्का जुनाच, अस्सल बरहुकूम. पण बरहुकूम ठरायला आधी अस्सल सापडावी लागते.